कोकण पाहावे ते कशाने? रेल्वे, बस की घरची गाडी



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर, पवार-होळकरांच्या कारकिर्दीवर विद्वान मंडळी बोलून गेली. हाटपिपल्यासारख्या गावात साबुदाण्याएवढ्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरने काय बोलावे, असा प्रश्न मला पडला होता. मग दवाखान्यात मला वारंवार काय विचारले जाते ते आठवले. दिवाळीच्या आधी आणि परीक्षा संपल्यावर माणसे येतात आणि म्हणतात, "डॉक्टरसाहेब, कोकणात जायचे म्हणतोय, औषधे बांधून द्या." मी विचारतो, "जाणार कशाने?" याचे उत्तर अजून ठरलेले नसते. मुलगा म्हणतो घरची गाडी, वडील म्हणतात रेल्वे आणि जावईबापूंनी ट्रॅव्हल्सचे दर काढून ठेवलेले असतात. औषध काय द्यायचे हे मात्र त्या उत्तरावरच अवलंबून असते. तोच प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवतो.

हा नुसता सोयीचा किंवा खर्चाचा प्रश्न नाही, हे आधीच सांगतो. आपण वाहन निवडतो तेव्हा घरातले कोण येणार आणि कोण मागे राहणार हेही त्याच क्षणी ठरवत असतो. पाच आसनांची गाडी म्हटली की सहावा माणूस गळतो, आणि तो सहावा माणूस बहुधा घरातला सर्वांत म्हातारा असतो. त्याला कोणी "येऊ नका" म्हणत नाही. "तुम्हाला झेपायचे नाही" असे म्हणतात. डॉक्टर म्हणून हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे.

आपल्यापैकी पुष्कळांची घराणी अठराव्या शतकात पवार, शिंदे, होळकरांच्या मागोमाग नर्मदा ओलांडून इकडे आली. कोणाचे कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर, कोणाचे केळशीची महालक्ष्मी, कोणाचे वेळणेश्वर. देवघरातल्या टाकावर ज्यांचे रूप रोज पाहिले, त्यांचे मूळ देऊळ मात्र पाहिलेले नाही, अशा आजी-आजोबा देवासात आहेत, धारमध्ये आहेत आणि आमच्या गावातही आहेत. त्यांच्यासाठी ही सहल हौसेची नसते, एक राहिलेले काम असते. म्हणून वाहनाचा विचार नीट करायला हवा.

प्रवास एक नाही, दोन आहेत

पहिली गोष्ट ही की माळव्यातून कोकणात जाणे म्हणजे दोन वेगळे प्रवास आहेत. एक माळव्याच्या पठारावरून किनाऱ्याच्या कडेपर्यंतचा आणि दुसरा किनाऱ्याच्या अंगाअंगाने. पहिल्यात अंतर कापायचे असते, दुसऱ्यात पाहायचे असते. घराघरांत वाद होतो तो बहुतेक या दोहोंसाठी एकच वाहन धरून बसल्यामुळे. जे वाहन रात्रभर झोपवत नेते ते समुद्रकाठच्या देवळापर्यंत जात नाही, आणि जे देवळाच्या दारात उभे राहते ते रात्रभर पाठ टेकू देत नाही.

हाटपिपल्याला रेल्वे नाही. आम्हाला देवास गाठावे लागते किंवा चापड्यावरून इंदूर. तिथून मुंबई रेल्वेने एका रात्रीची आहे. अवंतिका एक्सप्रेसने संध्याकाळी निघावे आणि सकाळी मुंबईत उतरावे, हे माळव्यातल्या मराठी घरांना चार दशके अंगवळणी पडलेले आहे. ही गाडी रतलाम, बडोदे, सुरत असा वळसा घेते. इंदूर-मनमाड हा 309 किलोमीटरचा नवा लोहमार्ग सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने मंजूर केला आहे. तो झाला की वळसा वाचेल, पण आज ठरवताना तो हिशोबात धरू नये.

समुद्र कुठून दिसतो?

आता थोडी निराशा करतो. कोकण रेल्वेत बसले की खिडकीतून समुद्र दिसत राहील, अशी पुष्कळांची समजूत असते. महाराष्ट्रातल्या भागात तो जवळजवळ दिसतच नाही. मुंबई-गोवा महामार्गावरूनही नाही. दोन्ही मार्ग किनाऱ्यापासून बरेच आत, सह्याद्रीच्या पायथ्याच्या बाजूने जातात.

याचे कारण कोकणच्या जमिनीत आहे. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या थोडेच अंतर धावून समुद्राला मिळतात आणि मुखाशी रुंद खाड्या होतात. धरमतरची खाडी, सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, अशी रांगच आहे. समुद्रकाठाने रूळ टाकायचे तर दर काही मैलांवर अवाढव्य पूल हवा. आत सरकले तर नदी अरुंद होते, पण मग डोंगर आडवे येतात आणि बोगदे खणावे लागतात. रेल्वेने हा दुसरा मार्ग पत्करला. श्रीलंकेत कोलंबो ते गॉल ही गाडी थेट लाटांच्या कडेने जाते आणि तिची चित्रे पाहून माणसे कोकणातही तसेच असेल असे धरून चालतात. तिथला किनारा वेगळा, इथला वेगळा.

मग समुद्र दिसतो कुठून? किनाऱ्याजवळच्या लहान रस्त्यांवरून. गणपतीपुळे ते रत्नागिरी हा आरे-वारे मार्गे जाणारा रस्ता घ्या. चढावरून एका बाजूला सारा समुद्र उघडा पडतो. तिथे रेल्वे जात नाही. कर्नाटकात मरवंते येथे महामार्गाच्या एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला सौपर्णिका नदी आहे, पण ते फार पुढे.

आणखी एक गैरसमज. दूधसागरचा धबधबा कोकण रेल्वेवर नाही. तो कॅसलरॉक ते कुळे या घाटातल्या मार्गावर आहे, जो बेळगाव-लोंढ्याकडून गोव्यात उतरतो. मुंबईहून रत्नागिरीमार्गे मडगावला जाणाऱ्याला तो दिसणार नाही.

रेल्वे

मग कोकण रेल्वेने जायचे कशासाठी? हिरवे डोंगर, नद्यांवरचे पूल, भाताची खाचरे, कौलारू घरे आणि बोगद्याच्या अंधारातून एकदम उजेडात येणे, यांसाठी. पाताळपाणी ते कालाकुंड या आपल्या छोट्या गाडीत ज्यांनी दीड-दोन तास आनंदात घालवले आहेत, त्यांनी तोच आनंद दिवसभराचा करून पाहावा.

रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत हा मार्ग सुमारे 740 किलोमीटरचा आहे. कोकण रेल्वे महामंडळ 1990 मध्ये स्थापन झाले. त्या वेळी जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि मधु दंडवते अर्थमंत्री होते. दोघांचेही कोकणपट्टीशी जवळचे नाते. कामाची सूत्रे ई. श्रीधरन यांच्याकडे होती. 26 जानेवारी 1998 रोजी संपूर्ण मार्ग सुरू झाला. नव्वदांहून अधिक बोगदे आणि लहानमोठे दोन हजारांच्या आसपास पूल, एवढे काम सात-आठ वर्षांत झाले. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. रत्नागिरी सोडल्यावर पानवल नदीवरचा पूल लागतो, त्याची उंची 64 मीटर. रत्नागिरीलाच उतरणाऱ्याला तो पाहायला मिळत नाही.

गाडी कोणती घ्यावी? मुंबई-मडगाव वंदे भारत 27 जून 2023 रोजी सुरू झाली. त्याच दिवशी भोपाळहून जे पाच हिरवे झेंडे दाखवले गेले त्यात आपली भोपाळ-इंदूर वंदे भारतही होती, म्हणजे या दोघी जुळ्या बहिणी. ही गाडी पावसाळा सोडून पावणेआठ तासांच्या आसपास गोव्यात पोचते. पण ती मोजक्याच स्थानकांवर थांबते. गुहागरला जायचे तर चिपळूणला उतरावे लागते, त्यासाठी सकाळची मांडवी एक्सप्रेस बरी. ती सावकाश जाते, पण कोकण पाहायला निघालेल्याला घाई कसली? दादर-मडगाव जनशताब्दीला 2017 मध्ये काचेच्या छताचा विस्टाडोम डबा जोडला गेला. त्याचे भाडे जास्त आहे. नातवंडांची हौस असेल तर एका बाजूने तो घ्यावा, दोन्ही बाजूंनी घेण्याची गरज नाही.

रात्रीच्या गाडीने कोकण पाहू नये. हे सांगायला डॉक्टर लागत नाही, पण तिकिटे काढताना लोक हेच विसरतात. रात्र वाचली म्हणून खूश होतात आणि ज्यासाठी निघालो तो सारा निसर्ग झोपेत काढतात. दक्षिणेकडे जाताना सह्याद्री डाव्या खिडकीला राहतो आणि खाड्यांचा उतार उजवीकडे.

मार्गाचा बराच भाग अजून एकेरी आहे. समोरच्या गाडीसाठी थांबावे लागते, त्यामुळे उशीर होतो. म्हणून सकाळी मुंबईत उतरून त्याच सकाळची कोकणची गाडी पकडण्याचा बेत करू नका. मध्ये एक मुक्काम ठेवा. दादर-पार्ल्यात नातेवाईक नाही असे माळव्यातले मराठी घर मला तरी ठाऊक नाही. ज्यांना मुंबई टाळायची आहे त्यांच्यासाठी इंदूरहून केरळकडे आठवड्यातून एकदा जाणारी गाडी आहे. ती वसई-पनवेलवरून कोकण रेल्वेच्या मार्गानेच जाते.

आता व्यवहाराचे. रिझर्व्हेशन नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडते. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली, पण खालच्या बर्थचा ज्येष्ठांसाठीचा कोटा आहे. पुरुषांना वयाच्या साठपासून आणि स्त्रियांना पंचेचाळीसपासून तो मिळतो. तिकीट काढताना हा कोटा निवडावा लागतो. नाही तर गुडघे दुखणाऱ्या आजींच्या वाट्याला वरचा बर्थ येतो आणि मग सारी रात्र डब्यातल्या तरुणांची मनधरणी करण्यात जाते. गणपतीच्या दिवसांत मात्र कोकणात जाऊ नका. ते दिवस मुंबईच्या चाकरमान्यांचे आहेत आणि आपण त्यांच्या जागा अडवू नयेत.

पावसाळ्याबद्दल. कोकण सर्वांत सुंदर दिसते ते पावसाळ्यात आणि सर्वांत धोक्याचेही तेव्हाच असते. 22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. पुढच्याच वर्षी जूनमध्ये महाडच्या बाजूला मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. तेव्हापासून पावसाळ्यात या मार्गाचे वेळापत्रकच वेगळे असते. गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि रात्रंदिवस गस्त असते. वंदे भारतलाही तेव्हा दहा तासांच्या आसपास लागतात. गाडी हळू चालली म्हणून कोणी चिडू नये, ती आपल्यासाठीच हळू चालते. आमच्या जैन घरांत चातुर्मासात साधू-साध्वी विहार करीत नाहीत. गृहस्थही लांबचा प्रवास जमेल तितका टाळतो. भाव अहिंसेचा आहे, पण पावसाळ्यात घाट उतरू नये हे शहाणपणही त्यात आपोआप साधते. दिवाळीनंतर जा. तेव्हा कोकण अजून हिरवे असते आणि रस्ते वाळलेले असतात.

बस

बसबद्दल आपल्याकडे उगीच नाक मुरडतात. इंदूरहून मुंबई-पुण्याला रात्री किती तरी स्लीपर कोच जातात. भाडे परवडते आणि आयत्या वेळी जागा मिळते. तरुण, निरोगी माणसाने एकट्याने जायचे असेल तर तक्रारीचे कारण नाही.

पण दवाखान्यात बसून मला दुसरी बाजू दिसते. स्लीपर कोचच्या वरच्या कप्प्यात चढायला शिडी असते आणि आत बसून मान सरळ करता येत नाही. बहुतेक बसमध्ये स्वच्छतागृह नसते. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या गृहस्थांना किंवा लघवीची गोळी चालू असलेल्या बाईंना बस कधी थांबणार हे ड्रायव्हरच्या मर्जीवर सोडावे लागते. मग ते काय करतात? दुपारपासून पाणीच पीत नाहीत. रात्रभर कोरड्या तोंडाने, पाय न हलवता पडून राहायचे आणि सकाळी पायाला सूज, डोके जड. लांब बैठकीत पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. पाणी तोडल्याने तो कमी होत नाही. एका पायाच्या पोटरीत अचानक दुखून सूज आली किंवा धाप लागली, तर गोळ्या चघळत बसू नये, सरळ मोठ्या रुग्णालयात जावे. हे मी होमिओपॅथ असूनच सांगतो आहे.

जेवणाचेही तसेच. बस ढाब्यावर थांबते ती रात्री दहा-अकराला. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या माणसाला त्या थांब्याचा काही उपयोग नाही. मधुमेह असून ज्यांचे इन्सुलिन जेवणाशी बांधलेले आहे त्यांनाही नाही. रेल्वेत आपला डबा आपल्या वेळेला उघडता येतो. दशम्या, कोरडी चटणी, मुगाचे लाडू आणि आपली शेव एवढे बरोबर असले की स्थानकावर धावपळ करावी लागत नाही.

दुसऱ्या प्रवासात मात्र, म्हणजे एकदा किनाऱ्यावर पोचल्यावर, बस फार गुणाची. महाराष्ट्राची एसटी 1948 पासून धावते आहे आणि कोकणातल्या लहान-लहान वाड्यांपर्यंत जाते. चिपळूण ते गुहागर, रत्नागिरी ते गणपतीपुळे, देवरूख, राजापूर, सगळीकडे. मार्च 2023 पासून महाराष्ट्राच्या हद्दीत स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. खिडकी उंच असल्यामुळे गडग्यांच्या पलीकडले दिसते, आणि शेजारी बसलेली कोकणातली बाई तुमच्या माळवी मराठीला हसते आणि मग गप्पा सुरू होतात. आपण सांगतो "आम्ही मूळचे इकडलेच" आणि ती विचारते "कुठल्या गावचे?" या प्रश्नाचे उत्तर घरून पाठ करून जा.

घरची गाडी

आता ज्यावर सर्वांत जास्त वाद होतो ते. घरची गाडी दारात आहे, नवी आहे, हप्ते चालू आहेत. मग ती का वापरू नये?

तिचे गुण खरे आहेत. हवे तिथे थांबता येते. देवळाच्या पायरीशी उतरता येते. सामान मोजावे लागत नाही. आणि कोकणात गाडीवाल्याला एक खास आनंद मिळतो. खाडीवर पूल नाही तिथे गाडीच जंगलबोटीत चढवायची. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी, तवसाळ-जयगड अशा फेऱ्या आहेत. पैलतीराला जायला थोडाच वेळ लागतो, पण रस्त्याचा मोठा वळसा वाचतो आणि मुलांना ती बोट जन्मभर आठवते. मुंबईहून अलिबागकडे जाणाऱ्यांसाठी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी मोठी बोट मार्च 2020 पासून आहे. एके काळी सारे कोकण बोटीनेच मुंबईला जात-येत असे. 17 जुलै 1947 रोजी रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती आठवण कोकणात अजून काढतात.

पण पहिल्या प्रवासाचा हिशोब मांडा. हाटपिपल्याहून इंदूर, मानपूरचा घाट, खलघाटला नर्मदा, सेंधव्यापुढे बिजासनचा घाट, मग धुळे, नाशिक, आणि तिथून खाली. चिपळूणपर्यंत साडेआठशे किलोमीटरच्या घरात जाते. ताशी पन्नास-पंचावन्न अशी सरासरी धरली तरी सोळा-सतरा तास. हे दोन दिवसांचे काम आहे. आपली मुले ते एका दमात करायला बघतात. पहाटे तीनला निघतात आणि जो मुलगा गाडी चालवणार आहे तो आदल्या दिवशी रात्री नऊपर्यंत दुकानात असतो. शेवटचे शंभर किलोमीटर सर्वांत वळणाचे, आणि ते सर्वांत दमलेल्या अवस्थेत, अंधारात येतात.

झोप ही इच्छाशक्तीने थोपवता येत नाही. चहा प्यायला, गाणी लावली, काच खाली केली, तरी मेंदू दोन-चार सेकंद डोळे उघडे असतानाच झोपून घेतो. ताशी 80 च्या वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. चार सेकंदांत जवळजवळ 90 मीटर कोणीही गाडी चालवत नसते. हे गणित तुमच्या घरातल्या मुलाला करून दाखवा. उपदेशापेक्षा गणित लवकर पटते.

मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण 2011 च्या सुमारास सुरू झाले आणि फार रेंगाळले. कशेडी घाटात आता बोगदे झाल्याने पोलादपूर-खेड सोपे झाले आहे, तरी काही टप्पे कामाचेच आहेत. याच रस्त्यावर महाडजवळ 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्री नदीवरचा ब्रिटिशकाळातला पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्यांसह काही वाहने पाण्यात गेली. त्या चालकांचा काही दोष नव्हता. पुढे पूल उरलेला नाही हे अंधारात आणि पावसात दिसणारच नव्हते. म्हणून सांगतो, कोकणच्या रस्त्यावर रात्री आणि मुसळधार पावसात जाऊ नका, रस्ता कितीही चांगला झाला तरी.

आणि एक साधी गोष्ट. जो गाडी चालवतो त्याला निसर्ग दिसत नाही, दिसू नयेच. घरातल्या एका माणसाची सहल आपण त्याच्याकडून काढून घेतो. तो बहुधा घरातला कमावता मुलगा असतो, ज्याला वर्षातून आठच दिवस सुट्टी असते.

गाडी लागणे

वळणाचे रस्ते म्हटले की उलटीचा प्रश्न आलाच. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारे इंद्रिय आहे. ते सांगते की आपण हलतो आहोत. डोळे मात्र मोबाइलवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर असतात आणि ते सांगतात की आपण स्थिर आहोत. या दोन साक्षी जुळल्या नाहीत की मळमळ सुरू होते. ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा, दूरच्या क्षितिजाकडे पाहायला सांगा, वाचू देऊ नका, पोट रिकामे ठेवू नका आणि तुडुंब भरूही नका. रेल्वेत हा त्रास बराच कमी, बसच्या मागच्या सीटवर सर्वांत जास्त.

आमच्या शास्त्रात यासाठी कॉक्युलस इंडिकस देतात. ते काकमारी नावाच्या वेलीच्या फळापासून करतात आणि ही वेल सह्याद्रीच्या रानात वाढते. म्हणजे कोकणात जाताना कोकणचेच औषध! पण मूळ फळ विषारी आहे, पूर्वी मासे मारायला वापरीत. रानात दिसले तर हात लावू नका. आणि गोळ्या घेतल्या तरी पुढची सीट सोडू नका. माझा तरी जास्त भरवसा पुढच्या सीटवर आहे.

आपण पठारावरची माणसे. संध्याकाळी गार वारा सुटतो त्या हवेची आपल्याला सवय आहे. किनाऱ्यावर हवा दमट असते, घाम वाळत नाही आणि थकवा लवकर येतो. पहिल्या दिवशी फार फिरू नका, पाण्यात मीठ-साखर घालून घेत राहा. रक्तदाबाची, साखरेची चालू औषधे प्रवासासाठी बंद करू नका आणि ती मोठ्या बॅगेत नव्हे तर हातातल्या पिशवीत ठेवा.

माझा नुस्खा

एवढे ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, डॉक्टर, निदान पुरे, औषध सांगा. सांगतो.

पहिला प्रवास रेल्वेने, दुसरा भाड्याच्या गाडीने किंवा एसटीने. मुंबईत एक मुक्काम. मग दिवसाच्या गाडीने चिपळूण. तिथून स्थानिक चालकाची गाडी ठरवा. त्याला प्रत्येक वळण माहीत असते आणि तुमचा मुलगा खिडकीशी बसतो. चिपळूणला परशुराम, मग गुहागरला व्याडेश्वर. हे देऊळ गावात सपाटीवर आहे, गुडघेदुखीच्या माणसालाही जाता येते. पुढे हेदवी, तवसाळहून गाडीसकट बोटीने जयगड, तिथून गणपतीपुळे, आणि आरे-वारेच्या रस्त्याने समुद्र पाहात रत्नागिरी. तिथे टिळकांचे जन्मस्थान आणि ब्रह्मदेशच्या थिबा राजाला ठेवले तो वाडा पाहा, आणि तिथूनच परतीची रेल्वे धरा. ज्या रस्त्याने आलात त्याने परत फिरावे लागत नाही. किनाऱ्यावर चार दिवस पुरतात.

घरची गाडीच हवी असेल तर तीन अटी पाळा. चालवणारे दोघे हवेत. जाताना नाशिकला किंवा पुण्याला मुक्काम हवा. आणि सूर्यास्तानंतर घाट नको. आम्ही जैन मंडळी सूर्यास्तापूर्वी ताट आवरतो, तुम्ही सूर्यास्तापूर्वी गाडी आवरा. कोकण रेल्वेने 1999 पासून मालमोटारी रेल्वेवर चढवून न्यायला सुरुवात केली आणि 2025 च्या गणपतीत कोलाडहून वेर्ण्यापर्यंत मोटारगाड्याही नेल्या. ही सोय पुढे वाढली तर गाडीवाल्यांचा निम्मा प्रश्न सुटेल.

एक शेवटचे उदाहरण. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींचे वय 78. गुडघे दुखतात आणि साखरही आहे. मुलांनी नव्या गाडीने गुहागरला जायचे ठरवले आणि आजींना चुलत्यांकडे ठेवायचे. त्यांना झेपणार नाही, असे मीच सांगावे म्हणून मुले माझ्याकडे आली होती. मी आजींना तपासले आणि त्यांना सांगितले की यांना सतरा तास गाडीत बसणे झेपणार नाही, पण गुहागर झेपेल. ही दोन वाक्ये वेगळी आहेत. मुलांनी दोन रात्री विचार केला आणि रेल्वेची तिकिटे काढली, खालच्या बर्थची. परत आल्यावर आजी दवाखान्यात आल्या. देवळाबद्दल फार बोलल्या नाहीत. समुद्राचे पाणी घोट्यापर्यंत आले आणि पायाखालची वाळू सरकली तेव्हा सुनेने घट्ट धरले होते, एवढेच सांगितले. गुडघे तसेच दुखत होते.

तेव्हा मंडळी, येत्या दिवाळीत घरी हा विषय निघाला, तर आधी वाहन ठरवून मग माणसे मोजू नका. आधी माणसे मोजा. घरातले सर्वांत थकलेले पाय कोणाचे आहेत ते पाहा आणि त्यांना जे वाहन झेपेल ते ठरवा. बाकीच्यांना ते झेपतेच.